टॉवेलाखाली ठरलेला ट्रॅक्टर

बंगळूरबाहेर, होसकोटेच्या पुढे, निलगिरीच्या झाडांच्या रांगेमागे, जुन्या ट्रॅक्टरांचं एक आवार आहे. थंडीतल्या एका सकाळी मी तिथे पहिल्यांदा गेले, तेव्हा धुकं अजून जमिनीला चिकटून होतं आणि त्यात ते ट्रॅक्टर रवंथ करत बसलेल्या म्हशींसारखे दिसत होते. कुणाची नुसती पाठ, कुणाचं नुसतं तोंड. त्यांच्यात मला एक निळा दिसला, आणि आपण इथे कशासाठी आलो ते मी थोडा वेळ विसरले.

काम तसं साधं होतं. व्हाइटफील्डच्या पलीकडे माझी रोपवाटिका आहे. आयटी पार्कांच्या काचेच्या दारांशी कुंड्या असतात ना, त्यांतल्या बऱ्याच माझ्याकडून जातात. लाल माती ओढायची, शेणखत पसरायचं, पाण्याची टाकी या टोकाची त्या टोकाला न्यायची, पावसाळ्यानंतर माजलेलं गवत कापायचं. एवढ्याशा जागेला नवा ट्रॅक्टर परवडत नाही आणि भाड्याचा कधी वेळेवर येत नाही. म्हणून एखादा जुना, लहान बघत होते.

आवाराचे मालक साठीच्या पुढचे. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळूरचं, पण घरात मराठीच, कानडीत मुरलेली. माझं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, "बेळगावकडचे काय, अक्का?"

"निपाणीच्या अलीकडचे, अण्णा."

"मग आपलेच. बघा, बघा. स्वल्प म्हातारे आहेत सगळे, पण कामचुकार कोण नाही."

माझ्या कामाचे दोनच निघाले. एक नारिंगी, बुटका, बसकट, धुराचा पाइप पोटाखालून बाजूला काढलेला. दुसरा तो निळा. मागची चाकं उंच, पत्र्याची भोकाभोकांची सीट, धुराचं नळकांडं बॉनेटमधून सरळ आभाळात गेलेलं. डाव्या मडगार्डवर एक पोर आरामात बसेल एवढी जागा.

ती जागा मला ठाऊक होती. आमच्याकडे असाच होता. माझे वडील, अप्पा, जनावरांच्या बाजारात दलाल. बाजार नसेल त्या दिवशी ते शेतात असायचे आणि मी त्यांच्या डाव्या हाताला, मडगार्डवर. ट्रॅक्टर चालू असला की जगातले बाकीचे आवाज विरघळून जायचे. मागे माती उलटत जायची, बगळे उतरायचे, ऊन डोळ्यांवर यायचं, आणि मी झोपेत आहे की जागी तेच कळायचं नाही. उतरायचं असलं की मी पत्र्यावर दोनदा थाप मारायची. अप्पांना ती ऐकू यायची, पण ते मुद्दाम आणखी एक तास मारायचे. तास म्हणजे नांगराची एक ओळ. नंतर एका उन्हाळ्यात त्यांनी मला स्टेअरिंग दिलं. भावाला त्यात रस नव्हता. मला होता.

पुढे मी बंगळूरला आले. कोरमंगलातल्या एका पीजीत राहायची आणि दुसऱ्याच्या रोपवाटिकेत कुंड्या भरायची. चार गोष्टी शिकून परत जायचं, शेत आणि ट्रॅक्टर आपण बघायचा, असं माझं ठरलेलं होतं. दिवाळीला घरी गेले तर शेडमध्ये तेलाचा डाग तेवढा उरला होता.

"मला विचारलं नाही?"

"तुला काय विचारायचं? तू परक्या घरची," अप्पा म्हणाले आणि जेवायला बसले.

त्या एका वाक्यावर मी रोपवाटिका उभी केली. वाण्याशी, टेम्पोवाल्याशी, आयटी पार्काच्या खरेदी-साहेबाशी, ज्याच्याशी घासाघीस करायची त्याच्या जागी मला अप्पांचं तोंड दिसायचं, आणि मी एक पायरीसुद्धा मागे हटायची नाही. लोक मला तापट म्हणतात. म्हणोत.

तर मी निळ्याच्या बॉनेटवर हात ठेवला.

"अण्णा, याला ताप आलाय काय?"

"कसला ताप?"

"गरम आहे. एवढ्या थंडीत पहाटे कुणी फिरवून आणला? थंड असताना सुरू होत नाही ना?"

ते हसले. "अक्का, तुम्ही माझं दुकान बंद करणार."

"उद्या येते. तोवर कुणी हात लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी दोन्ही थंड होते. नारिंगी पहिल्या चावीला सुरू झाला. निळा बराच वेळ खोकला, पांढरा धूर ओकला आणि मग लागला. तो आवाज. धक् धक् धक्, मध्ये एक श्वास चुकल्यासारखा. माझे डोळे आपोआप मिटले.

डोळे मिटून खरेदी होत नाही, हे मला कळतं. मी दोघांच्याही मागे एकेक दगड बांधला, लिफ्ट वर घेतली आणि इंजिन बंद करायला लावलं. नारिंगीचा दगड लटकत राहिला. निळ्याचा हळूहळू, झोप लागल्यासारखा, जमिनीला टेकला; म्हणजे लिफ्ट गळकी. निळ्याचे सुटे भाग भंगारात शोधावे लागतात, हे अण्णांनीच सांगून टाकलं. वर ते नळकांडं. माझी रोपं हिरव्या जाळीच्या सावलीत असतात आणि जाळी काही उंच नाही. दुसरी कुणी मला विचारायला आली असती तर मी तिला म्हटलं असतं, बाई, वेड लागलंय का, नारिंगी घे आणि घरी जा.

मी अण्णांना म्हटलं, "निळ्याचा भाव बोला."

त्यांनी सवयीने खांद्यावरचा टॉवेल ओढला, माझ्या हाताकडे पाहिलं आणि तो परत खांद्यावर टाकला.

"आमच्याकडे आजोबांपासून बैलांचा व्यापार, अक्का. आता मशीनं आली, पण भाव आम्ही तोंडानं बोलत नाही. टॉवेलाखालीच ठरवतो. बायकांचा हात कसा धरायचा? घरातलं कोण मोठं असेल तर घेऊन या. सरी? चालेल ना?"

टॉवेलाखालचा भाव मला परका नव्हता. कापडाखाली हात हातात घ्यायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही. दलाल मध्ये असला की तो एकदा विकणाऱ्याचा हात धरतो, एकदा घेणाऱ्याचा. मी लहान असताना अप्पा कांबळ्याखाली हा खेळ माझ्याशी खेळायचे. मी मूर्ख आकडा दाबला की ते करंगळीला चिमटा काढायचे.

"मी तुमच्या दारात भीक मागायला आलेय का? माझा व्यवहार मी करते," मी म्हटलं. आणखीही बरंच म्हटलं. तिथल्या लोखंडी खुर्चीला लाथ मारली की नाही ते आठवत नाही. खुर्ची पडली, एवढं खरं.

आई गेल्यापासून अप्पा माझ्याकडेच असतात. दिवसभर गॅलरीत बसून मेट्रो बघतात. दूरवरून ती आली की गळ्यात घंटा नसलेल्या जनावराकडे बघावं तसे बघतात. आमचं बोलणं फार नाही. चहा, गोळ्या, पाणी आलं का. त्या संध्याकाळी मी चिडूनच त्यांना सगळं सांगितलं, दोन्ही ट्रॅक्टरांसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि गोळ्या मागितल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार होऊन बाहेर आले, तर ते साबणाने हात धूत होते. खांद्यावर जुना टॉवेल होता, लाल काठाचा.

"चल," म्हणाले.

आवारात पोचलो. अप्पा दोन्ही ट्रॅक्टरांभोवती एकेक फेरी मारून आले. निळ्याच्या मडगार्डवर त्यांचा हात थोडा वेळ राहिला. मग ते चिंचेखालच्या बाकावर बसले, गुडघ्यांवर टॉवेल पसरला आणि अण्णांना उजवीकडे, मला डावीकडे बसवलं.

"कुठल्याचा बोलू?" त्यांनी मला विचारलं.

"निळ्याचा."

त्यांनी उजवा हात टॉवेलाखाली अण्णांना दिला आणि डावा मला. अण्णांनी काही हरकत घेतली नाही. दलालाचा हात तो. दलालाच्या हाताला बाई आणि बाप्या नसतो.

मी अप्पांच्या पाया पडते, त्यांना गोळ्या देते, पण त्यांचा हात हातात घेऊन किती वर्षं झाली कोण जाणे. बोटं तशीच जाड होती. वरचं कातडं मात्र सैल झालं होतं, दुसऱ्याचं घातल्यासारखं. चिंचेची बारीक पानं टॉवेलावर पडत होती. लांब कुठेतरी हमरस्त्याची घरघर चालली होती, आणि त्या अंधाऱ्या कापडाखाली माणसांच्या उबेत आकडे इकडून तिकडे जात होते. मला क्षणभर वाटलं, हे कांबळंच आहे आणि बाहेर आई चूल पेटवते आहे.

अण्णांचा भाव अप्पांच्या बोटांतून माझ्याकडे आला. मी इतका खालचा आकडा दाबला की माझ्या करंगळीला चिमटा बसला.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"काय न्हाई. घरातलं हाय," अप्पा म्हणाले.

बराच वेळ गेला. भाव मी इथेही लिहिणार नाही. टॉवेलाखालचं टॉवेलाखालीच राहतं. पण शेवटी तो मला हवा होता तिथे आला. आता दलाल तळवा उघडून थांबतो. घेणाऱ्याने त्यात मूठ मिटली की सौदा पक्का. अप्पांनी तळवा उघडला. माझी मूठ मिटेना.

"तुझी जाळी किती उंच हाय गं?" त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं.

"तुमच्या डोक्याच्या हातभर वर."

"आणि ह्याचं नळकांडं?"

"कापता येतं ते."

"बैल घेण्याआधी गोठ्याचं दार बघत्यात. शिंगं कापून कोण आत नेत न्हाई."

मग मात्र माझा तोल गेला. अण्णा बसलेले, तरी मी बोलले, "आपल्या गोठ्याचं दार चांगलं मोठं होतं की. तरी विकलात."

अण्णा शहाणे. ते चिंचेकडे बघू लागले. अप्पांनी हात काढला नाही. त्यांचा तळवा माझ्या हाताखाली तसाच उघडा होता.

"त्या दिवशी टॉवेल ह्योच होता," ते म्हणाले. "मालक मीच, दलालबी मीच. दलालानं आपला माल आपण विकू नये, बाय. दुसऱ्या हाताला विचारायला कोण राहत न्हाई."

यापेक्षा जास्त ते बोलणार नव्हते. धुकं केव्हाच विरलं होतं आणि उन्हात निळ्याचे सगळे पोपडे दिसत होते. मी बोटं पसरली आणि त्यांच्या तळव्यावर सपाट हात ठेवला. याचा अर्थ, नको.

"अण्णा, नारिंगीचं बोलू या," अप्पा म्हणाले.

"एवढं घासून आता दुसरा?" अण्णा कुरकुरले. "हे बापलेक मला माळावर नेऊन सोडणार." पण त्यांनी हात दिला.

या वेळी चिमटा बसला नाही. मी अप्पांच्या तळव्यात मूठ मिटली, त्यांनी ती वरून दाबली आणि टॉवेल उचलला. उजेडात सगळे हात एकदम उघडे, ओशाळल्यासारखे दिसले.

अण्णांनी चावी अप्पांसमोर धरली. अप्पांनी हात मागे घेतला.

"मी दलाल हाय. मालकीण ही."

चावी माझ्याकडे आली. गरम होती; अण्णा ती मघापासून मुठीत धरून बसले असणार.

"आणि तुमची दलाली, यजमान?"

"ती हिच्याकडनं घेतो."

ट्रॅक्टर रोपवाटिकेत उतरवला त्या दुपारी मी सीटवर बसल्यावर अप्पा न सांगता त्याच्याजवळ आले, बुटक्या मडगार्डला धरून एका दमात वर चढले आणि माझ्या डाव्या हाताला बसले. निळ्यावर त्यांना चढता आलं नसतं. मी चावी फिरवली. याचा आवाज वेगळाच आहे, बारीक, घाईचा. निळ्याचा नाही. निळा अजूनही कधी कधी पहाटे माझ्या झोपेत खोकतो, आणि जागी झाल्यावर मला थोडा राग येतो. तो राहू दे.

आम्ही जाळीखाली शिरलो. सगळं हिरवं झालं, ऊनही, अप्पांचे पांढरे केसही. दोन्ही बाजूंनी रोपं सावकाश मागे जात होती. मातीचा ओला वास होता. अप्पांचे डोळे मिटलेले होते.

रांगेच्या टोकाशी त्यांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली.

मला ती ऐकू आली. मी ट्रॅक्टर वळवला आणि पुढच्या रांगेत घातला.