तात्यांकडचं काडतुसं भरायचं यंत्र

बारामतीच्या बंदुकीच्या दुकानातले तात्या गप्प बसत नसत. उसात रानडुकरं शिरायची म्हणून मी परवाना काढला आणि काडतुसं घरी भरायचं पहिलं यंत्र घ्यायला त्यांच्याकडे गेलो. मला भरभर चालणारं हवं होतं. त्यांनी एका वेळी एकच काडतूस भरणारं पुढं ठेवलं.

"भरून दाव," म्हणाले, आणि पळसदेवला धरणाचं पाणी किती उतरलं ते विचारू लागले. मी दारू मोजता मोजता सांगितलं. त्यांनी यंत्र उचलून कपाटात ठेवलं.

"दारू मोजताना बोलतोस. माप चुकलं तर नळी फुटंल. आज न्हाय मिळायचं."

पुढच्या गुरुवारी पुन्हा बसलो.

"आई कशी हाय?"

आई दवाखान्यात होती. मी मान वर केली नाही. काडतूस भरून झालं. तात्यांनी यंत्र पिशवीत घातलं.

"आता सांग. आई कशी हाय?"