आम्ही पट्टेवाले

डोळ्यांच्या डॉक्टरकडे लोक गप्प बसतात. दातांच्या डॉक्टरकडे तर कुणाला बोलताच येत नाही. आमच्या डॉक्टरांची वेटिंग रूम मात्र एसटी स्टँडसारखी! कारण सरळ आहे. आमचं तोंड खायला मोकळं राहिलेलं नाही, मग ते बोलणार नाही तर काय करणार? दर महिन्याला जायचं, नंबर लावायचा आणि नंबर येईपर्यंत एकमेकांना सांगत बसायचं. घरी येते तेव्हा वजन होतं तेवढंच असतं, किस्से मात्र वाढलेले असतात!

आधी वजन उतरवायच्या ऑपरेशनचं सांगून टाकते. पोटाच्या वरच्या तोंडाशी डॉक्टर एक सिलिकॉनचा पट्टा बसवतात. त्यामुळे पोटाचा वरचा भाग वाटीएवढा होतो. चार घास खाल्ले की वाटी भरली. पट्ट्याला बारीक नळी असते, तिचं टोक कातडीखाली, बोट फिरवलं तर हाताला लागतं. तिथून सुईने सलाइन भरलं की पट्टा घट्ट, काढलं की ढिला. हल्ली बहुतेक जण पोट कापूनच लहान करून घेतात म्हणे. पण 'कापायचं' म्हटल्यावर आमचे हे माझ्याआधी पांढरे पडले, म्हणून पट्टा.

त्या पट्ट्याचे आम्ही तिघं. मी मीना, राहणार सुरतेत, उधन्याला, माहेर-सासर दोन्ही अमळनेरकडचं, यांचं साड्यांच्या लेसचं दुकान. दुसरे भटूअण्णा, शिंदखेड्याकडचे, सारा जन्म लूमच्या कारखान्यात फिटर. आणि तिसऱ्या कतारगामच्या हंसाबेन. त्यांचा मुलगा हिऱ्याच्या कारखान्यात मॅनेजर आहे, हे वेटिंग रूमच्या पंख्यालासुद्धा माहीत आहे.

'पट्टेवाले' हे नाव अण्णांमुळे पडलं. पहिल्याच दिवशी दारावरच्या वॉचमनने त्यांना विचारलं, "कौन हो आप?" अण्णा छाती काढून म्हणाले, "पट्टेवाला!" आता मराठीत काय, गुजरातीत काय, पट्टेवाला म्हणजे ऑफिसातला शिपाई. वॉचमनने त्यांना दाराजवळच्या स्टुलावर बसवलं आणि थोड्या वेळाने स्टाफसाठी चहा आणायला पाठवलं. अण्णा गेले की! चहा घेऊन आलेसुद्धा!

"अहो अण्णा, नाही म्हणायचं ना!"

"कसं म्हणू ताई? तेवढाच चहावाल्याकडच्या भजींचा वास मिळाला."

आम्हा तिघांत माया खूप आहे. पण खरं सांगायचं तर जळणं त्याहून जास्त आहे!

*

हंसाबेनचं वजन भराभर उतरायचं. माझंही उतरायचं, पण सरकारी कामासारखं.

मी लक्ष ठेवायला लागले. काट्यावर चढण्याआधी बेन चपला काढायच्या. मग बांगड्या. मग चेन. मग केसांच्या पिना एकेक करून. मीही सुरू केलं. त्यांनी पिना काढल्या की मी बक्कल काढायचे. त्यांनी रुमाल ठेवला की मी मंगळसूत्राकडे बघायचे आणि मनातल्या मनात यांची माफी मागायचे.

एकदा मात्र बेन काट्याजवळ गेल्या, आमच्याकडे पाठ केली, काहीतरी काढून रुमालात गुंडाळलं आणि मग चढल्या. वजन कमी! चेहऱ्यावर हसू, पण तोंड मिटलेलं.

नर्स म्हणाली, "मासी, दांत पहेरी लो! साहेब साथे वात केवी रीते करशो?"

कवळी काढून ठेवली होती हो!

मी हळूच माझ्या दातांवरून जीभ फिरवली. सगळे पक्के. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं वाईट वाटलं!

*

अण्णांचं दुःख वेगळं. हंसाबेनच्या पट्ट्यात आपल्यापेक्षा जास्त सलाइन आहे, असं त्यांना कुठूनतरी कळलं. झालं! खुर्चीत नीट बसेनात.

"ताई, मना पट्टा ढिला शे! बेनना घट्ट अन् मना ढिला, आशे कशे चाली?"

मी म्हटलं, ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे भरतात. ऐकतील तर अण्णा कसले! आत जाऊन डॉक्टरांपाशी हट्टच धरला. "साहेब, मी जन्मभर नट आवळलेत. मला हाताला कळतं. अजून अर्धा आटा बसतो त्यात!"

डॉक्टर हसले, समजावून बघितलं आणि शेवटी थोडंसं भरलं. अण्णा बाहेर आले ते मिशीवरून हात फिरवत. हंसाबेनकडे अशी एक नजर टाकली, की जणू निवडणूक जिंकली!

माझा नंबर शेवटचा होता. मी आटोपून बाहेर पडते, तर अण्णा परत दारात हजर. तोंडावर रुमाल, डोळे लाल, मागे त्यांची बायको तोंडसुख घेतेय. घरी जाऊन मुगाचं कढण घेतलं होतं, ते वरच अडकलेलं. आता स्वतःची थुंकीसुद्धा खाली उतरेना. बोलणार कसे?

रिसेप्शनवरची मुलगी घाबरली. "अंकल, क्या हुआ?"

अण्णांनी उजवा हात वर केला, हवेतला पाना हवेतल्या नटाला लावला आणि सावकाश फिरवला. उलट्या बाजूने!

*

घास अडकणं म्हणजे काय, ते ज्याचं अडकलंय त्यालाच ठाऊक. छातीत गोळा येतो, तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून नुसत्या धारा. ओरडता येत नाही, सांगता येत नाही.

माझ्या पुतणीचं, भावनाचं, उधन्यातच लग्न होतं. जेवणाला वरण-बट्टी. मी शहाण्यासारखं नुसतं वरण घेऊन बसले. आजूबाजूला मात्र सगळे तुपातल्या बट्ट्या कुस्करताहेत, वर वांग्याची भाजी ओढताहेत. प्रत्येकाच्या पत्रावळीला माझी दृष्ट लागली असेल! शेवटी एक तुकडा उचललाच. तोंडात टाकला आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, "काकू, चला, पाठवणी!" चावायचं राहिलं. गिळला. अडकला!

मंडपाच्या दाराशी पोचते, तोच भावना माझ्या गळ्यात पडली.

मी रडले, रडले, असं काही रडले! तोंडातून शब्द नाही, नुसत्या धारा. भावनाच मला समजवायला लागली, "काकू, नका ना रडू, मी येईन ना लवकर." बायका पदर डोळ्यांना लावून म्हणायला लागल्या, "बघा, सख्खी आई रडली नाही इतकी!"

ते सख्ख्या आईच्या कानावर गेलं. म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या. त्यांनी लगेच आवाज वाढवला. पण त्यांचं रडणं मनातून येणारं, ते कितीसं टिकणार? माझं बट्टीचं!

लग्नाच्या व्हिडिओत जाऊबाई जेमतेम दिसतात आणि मी मिनिटंच्या मिनिटं. आजही त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "माझ्या लेकीच्या लग्नात हिने माझ्यावर कडी केली!"

खरं कारण काय सांगणार? ते ऐकून तर त्यांनी उंबरासुद्धा चढू दिला नसता.

*

आमचे हे तसे समजूतदार. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी स्वतःहून जाहीर केलं, "तू खात नाहीस, तर मीही बाहेरचं सोडलं."

मला भरून आलं. पण महिने गेले, मी बारीक होतेय आणि ह्यांच्या पँटचं बटण लागेना. माझ्या मनात शंका आली. ती एकदा आली की बाईमाणसाचं नाक फार तिखट होतं!

एका रविवारी सकाळी हे 'दुकानात जाऊन येतो' म्हणून गेले आणि आले. शर्ट धुवायला टाकताना मी तो नाकाला लावला. मग उजेडात धरला. लोकांच्या नवऱ्याच्या कॉलरवर लिपस्टिक सापडते. माझ्या नवऱ्याच्या कॉलरवर शेव सापडली! बारीक, पिवळी, लोचोवर भुरभुरतात ती.

लोचो म्हणजे सुरतेचा जीव. हरभऱ्याच्या डाळीचा, वाफाळलेला, सैलसर, वरून तेल, चटणी, कांदा. मी शर्ट यांच्यासमोर धरला.

"कधीपासून चाललंय हे?"

हे मान खाली घालून म्हणाले, "तुझ्या ऑपरेशनपासून."

"दर रविवारी?"

"हो."

"शपथ?"

ह्यांनी माझ्या हातातला शर्ट घेतला, बादलीत टाकला. मग म्हणाले, "बुधवारी पण."

*

पट्ट्याची एक खोड आहे. पोळी अडवतो, भात अडवतो, पण पातळ आणि गोड काही आलं की सुळकन जाऊ देतो. आणि सुरतेत कोल्ड कोको मिळतं. दाट, थंडगार, चॉकलेटी. पुढचं सांगायला नको.

डॉक्टरांनी विचारलं, "मीनाबेन, वजन थांबलंय का?"

मी म्हटलं, "साहेब, थायरॉइड तर नसेल ना?"

त्याच आठवड्यात दुपारी ओढणी तोंडाभोवती गुंडाळून मी कोकोच्या दुकानात शिरले. ग्लास घेतला, वळले, आणि समोर हंसाबेन!

"तमे अहियां?" त्या ओरडल्या.

"यांच्यासाठी न्यायला आले होते," मी म्हटलं. ग्लासात स्ट्रॉ होती, ती अर्धी ओली.

"मैं भी बहू के लिए," बेन म्हणाल्या. त्यांच्या वरच्या ओठावर चॉकलेटी मिशी होती!

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि मुकाट्याने एका बाकावर बसलो. डॉक्टरांना सांगायचं नाही, असं डोळ्यांनीच ठरलं. मला त्यांच्याबद्दल एकदम प्रेम वाटलं. मग माझं लक्ष त्यांच्या ग्लासाकडे गेलं. माझ्यापेक्षा मोठा! वर आइस्क्रीमचा गोळा!

दुकान तेच, पट्टा तोच, ग्लास तिचा मोठा आणि वजनही तिचंच उतरतं! याची तक्रार करायची तरी कुणाकडे?

*

थोड्या दिवसांनी बेननी मला एक पिशवी दिली. आत पंजाबी ड्रेस, इस्त्री केलेले.

"मने बहु ढीला पडे छे, मीनाबेन. तमने थई जशे."

म्हणजे त्यांना फार ढिले होतात, मला बसतील! बोलण्यात काही खोट नव्हती, पण मला असं झोंबलं म्हणून सांगू! घरी येऊन पिशवी कपाटाच्या तळाशी कोंबली. हिचे उतरलेले कपडे मी घालू?

दोन दिवस धीर धरला. तिसऱ्या दिवशी दार लावून एक अंगात चढवला. दंडाशी अडकला. दुसरा छातीशी. तिसऱ्याची चेन अर्ध्यावर थांबली ती पुढे जाईना, मागेही येईना. आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. बेनच!

"मीनाबेन, ड्रेस जोयो? ढीलो तो नथी ने?"

मी श्वास आत ओढून धरला होता. तसाच धरून म्हटलं, "नाही हो बेन. अगदी मापात!"

*

मग एका महिन्यात हंसाबेन आल्याच नाहीत. अण्णांनी फोन लावला. मुलगा म्हणाला, पट्टा आत सरकला होता. उलट्या, कळा, रातोरात ऑपरेशन करून काढावा लागला. जिवावरचं होतं, पण आता बऱ्या आहेत, घरी आहेत.

अण्णांनी फोन ठेवला. आम्ही दोघं हळहळलो. खरंच हळहळलो. पण माझ्या मनात दुसरा विचार आला, तोच अण्णांच्याही आला असावा. कारण थोड्या वेळाने ते पुटपुटले, "म्हणजे आता सगळं खाई ती बाई."

भेटायला म्हणून आम्ही रिक्षाने कतारगामला निघालो. उधना दरवाज्याच्या चौकाशी अण्णांनी बोटं मोजायला घेतली. मग सुरू झाले.

"बट्टी खाई."

"घारी खातील," मी म्हटलं.

"कळण्याची भाकरी. कांदा फोडून."

"खमण. उंधियू. सुनेच्या हातची पुरणपोळी."

"गुजरात्यांकडे पुरण तुरीचं असतं."

"असू दे ना! अडकणार तर नाही!"

रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघत होता. कतारगाम येईपर्यंत आम्ही दोघांनी मिळून बेनना अख्खी सुरत खाऊ घातली, आणि उतरताना दोघांचीही तोंडं उतरलेली!

बेन पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा एवढासा झालेला. मला बघून हात धरला आणि रडायलाच लागल्या. "वजन पाछुं आवशे, मीनाबेन. बधी मेहनत पाणीमां." 'नाही हो येत परत वजन' म्हणत मी पाठीवरून हात फिरवत होते, पण नजर स्वयंपाकघराकडे. सून खमणाच्या बश्या घेऊन आली, आमच्याकडे बघून तिला आठवलं, आणि बिचारी लाजून परत घेऊन गेली.

अण्णांना राहवलं नाही. "बेन, पट्टा निकला, तो पहले क्या खाया?"

बेननी डोळे पुसले. 

"खाया नहीं," त्या म्हणाल्या. "पानी पिया."



पट्टा असला की पाणीसुद्धा चिमणीसारखं प्यावं लागतं. एक घोट, थांबा, दुसरा घोट. मे महिन्यात बाजारातून तापून या, घसा कोरडा पडलेला असू दे, तरी घोट घोट. घाई केली की छातीत कळ. रिक्षात आम्ही एवढं सगळं मोजलं, पण पाणी दोघांपैकी एकालाही आठवलं नव्हतं.

"सबको बाहर भेजा," बेन सांगत होत्या. "लोटा लिया. और गटगट गटगट. आखो लोटो!"

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बेन," ते म्हणाले, "एक बार पीके दिखाओ ना."

बेननी सुनेला हाक मारली. तिने माठातून लोटा भरून आणला. बाहेरून गार, थेंब धरलेला. बेन ताठ बसल्या, मान मागे टाकली, लोटा ओठांच्या वर धरला आणि धार सोडली. गट, गट, गट, गट. त्यांचा गळा वर-खाली होत होता. एक थेंब हनुवटीवरून मानेवर उतरला. आम्ही दोघं खुर्चीच्या कडेला आलो होतो.

लोटा रिकामा झाला. बेननी ओढणीने तोंड पुसलं आणि आमच्याकडे बघितलं.

"और?"

"हां," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.