जाळ्याचा वाटा, तलावाचा वाटा

हे मले आताच्या आता सांगाचं आहे. तलावाच्या पाळीवर, म्हंजे बांधावर, बसून टाईप करून राह्यली, हाताले मासोळीचा वास, मोबाईल चिकट झाला, तरी सांगते. आज सकाळी मायनं शिलाई मशीन पलंगावरून खाली उतरवली. भर पावसाळ्यात. आमच्या घरात हे मी कधीच पाह्यलं नव्हतं.

वैनगंगेकडचं आमचं शहर लहानसं आहे, कॉलेजले मी जीपनं ब्रह्मपुरीले जाते. वस्ती तलावाच्या पाळीखाली आन गल्लीत सगळ्यात खाली आमचं घर. तलाव गाळानं भरलेला, पाणी मावेच ना. दोन दिवस झड लागली का सांडून सरळ आमच्याकडे. फ्रीजखाली विटा, मशीन पलंगावर, मायचं ब्लाऊजचं काम बंद. एकदा तर मशीनची मोटरच पाण्यात गेली.

मधात एकदा तलाव साफ झाला होता. कुठून तरी पैसे आले, जेसीबी आली, गाळ निघाला, फोटो निघाले. त्या साली घर कोरडं राह्यलं, पण मायनं भेवानं मशीन पलंगावरच ठेवली. मंग पैसे संपले. पाहता पाहता बेशरमची झुडपं परत माजली, जास्तीचं पाणी नेणाऱ्या नाल्याचं तोंड बुजलं, आन विटा परत फ्रीजखाली.

मागच्या साली एका संस्थेनं शहरातल्या तलावांसाठी अर्ज मागवले. वस्तीत सगळ्यात फास्ट टाईप मी करते, म्हणून अर्ज माझ्याकडे. शेवटचा प्रश्न होता, आमचे पैसे संपल्यावर तलावाकडे कोण पाहणार आणि कशातून? मी लिहिलं, लोकसहभागातून. मले वाटलं, काय भारी लिहिलं.

संस्थेच्या मॅडमचा फोन आला. "कोणते लोक? कशात सहभाग? मी उद्या सकाळी येते, तेव्हा सांगा. एका वर्षापुरते पैसे आम्हाला द्यायचे नाहीत."

म्हणजे उत्तर नाई तर पैसे नाई. मायले सांगितलं तर ती म्हणे, "मंग विटा जपून ठेवते."

दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या ढिवरांचा, मासोळी धरणाऱ्यांचा, जाळं टाकाचा दिवस होता. मॅडम आल्या तेव्हा जाळं बाहेर आलं होतं आन आमच्या शेजारची म्हातारी बाई पाळीवर ढीग लावून राह्यली होती. वाटे तीच करते, कोणी हूं का चूं करत नाई. जेवढे लोक पाण्यात उतरले तेवढे ढीग, आन एक ढीग वेगळा. मी लहानपणापासून पाहते.

मॅडमनं विचारलं, "हा कोणाचा? इथे तर कोणीच उभं नाही."

"जाळ्याचा," बाई म्हणे.

"जाळ्याला कशाला मासे?"

"फाटते न ते. जाळं माह्यं आहे, म्हणून हा वाटा मले. पण सूत मीच आणाचं, शिवाचंही मीच. जाळ्याले वाटा नाई देला तर पुढच्या साली काय हातानं पकडाची का मासोळी?"

अन माझ्या तोंडातून निघून गेलं, "मंग बाई, तलावाचा वाटा कुठी आहे?"

 पाण्यातून निघालेला एक ढिवर भाऊ हसला. "घ्या, आता तलावही वाटा मागाले आला. उद्या बगळा येईन."

"बगळा तर घेतेच," बाई म्हणे. "तुह्यासारखा विचारत नाई."

मंग तिनं जाळ्याच्या ढिगातली एक मोठी मासोळी उचलली अन बाजूले ठेवली. एकटीच. सगळ्यायकडे पाहत राह्यली. हसणाऱ्या भावानं पहिले मान खाजवली, मंग आपल्यातली एक ठेवली. "पण आमीच काऊन द्याचं बाई? पाणी तर याईच्या घरात शिरते."

बोलणं खरं होतं. मासोळी घ्याले आलेल्या मायकडे मी पाह्यलं. माय पदराले हात पुसत म्हणे, "तलावाचा ढीग पहिले आमची गल्ली विकत घेईन. बाजारभावानं, घासाघीस नाई. अन पावसाळ्याच्या आधी घरटी एक माणूस बेशरम उपटाले येईन."

"बेशरमच उपटा," बाई म्हणे. "ह्या पोट्टीनं अर्जात सारंच उपटाचं लिहिलं म्हणते. पाण्यात आपोआप उगवते त्या देवधानाले हात लावाचा नाई, तिथी मासोळी अंडी देते."

मले लाज वाटली, कारण मी खरंच तसं लिहिलं होतं. मॅडमजवळच्या अर्जात तिथीच खाली बसून खोडलं. लोकसहभाग पण खोडला. लिहिलं, जाळ्यासारखाच तलावाचा एक वाटा, दर खेपेले, ढीग लावतानाच. मॅडमनं वाचलं अन म्हणाल्या, "हे कळलं."

पैसे मिळाले, गाळ निघाला, पण मी त्याच्यासाठी लिहून नाई राह्यली. त्या ढिगाच्या पैशातून यंदा नाल्याचं तोंड आमीच मोकळं केलं. बेशरम उपटाले घरटी माणूस आला, दोन घरं सोडून. त्याईचं नाव बाई रोज घेते, मोठ्यानं. काल अन परवा झड लागली होती. पाणी आमच्या पायरीपर्यंत आलं अन थांबलं. मायनं सकाळी मशीन उतरवली, पुसली, कोणाचं तरी ब्लाऊज घेऊन बसली, जसं काही झालंच नाई. मी फ्रीजखालच्या विटा काढून पाळीवर आणल्या, बाईले बसाले. आज ढीग लावताना ती त्याच्यावर बसली अन म्हणे, "उंच केलं व मले."

तिले थँक्यू कसं म्हणाचं ते मले समजत नाई, म्हणून तुमाले सांगून राह्यली. तुमच्याकडे झालं का असं कधी? ज्याच्यासाठी डोकं फोडलं, ते तुमच्याच शेजारची कोणी बाई किती तरी सालापासून तुमच्यासमोर करून राह्यली होती?