खड्डा कोणी उपसला

अंतराळात कुठलीच गोष्ट खाली पडत नाही. म्हणून यानातल्या संडासात सगळं हवेनं ओढून घ्यावं लागतं, पिशवीत बंद करावं लागतं, लघवी गाळून पुन्हा प्यायचं पाणी करावं लागतं. हेच माझं काम. मूल तालुक्यातल्या आमच्या गावात मात्र मी आठ वर्षं 'यानाचं डिझाइन करते' एवढंच सांगत आले.

गेल्या दिवाळीत आले, तर घरच्या संडासाला कुलूप. आई पहाटे डबा घेऊन धानाच्या शेताकडे, बांधीकडे जात होती. तिथंच आठवड्याआधी वाघानं गोऱ्हा मारला होता. माझं डोकंच फिरलं.

"संडासाचे दोन खड्डे. पयला तवाच भरला, आता दुसराबी भरला," बाबा म्हणाले. "उपसन कोन?"

"पयला दोन वर्सं बंद हाय. त्यातल्या घाणीची माती झाली असन, बाबा. मी उपसीन."

बाबांनी चष्मा काढला. "तुह्या आज्यानं दीक्षा घेतली, मेलेली ढोरं ओढनं सोडलं. मी मजुरी करून तुले इंजिनेर केलं. ते याच्यासाठी काय?"

चिडून बोलून गेले, "मी नोकरीतबी हेच करतो, बाबा. मानसाची घाण. पगार त्याचाच येते."

ते उठून आत गेले. मला वाईट वाटलं, रागही आला. तिथं हातमोजे घालून हेच केलं की साहेब पाठ थोपटतात, इथं फावडं उचललं की बापाची मान खाली जाते. कोणाचं चुकतंय, काही समजेना. आई मात्र उद्या पुन्हा बांधीत जाणार होती. मी पहिल्या खड्ड्याचं झाकण सरकवलं.

आत काळी, भुसभुशीत माती. दोन घमेली काढली तोवर बाबा मागं येऊन उभे. त्यांनी चिमूटभर माती नाकाशी नेली.

"वास नाई येत," म्हणाले, आणि माझ्या हातातलं फावडं घेतलं. "कोनी इचारलं त सांगजो, बाबानं उपसला."

संडासाचा पाइप त्या रिकाम्या खड्ड्याकडे वळवला, कुलूप निघालं. दुसऱ्या पहाटे आई बांधीकडे गेली नाही. शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलंच, "काय वं, खड्डा कोनं उपसला?"

बाबा माझ्याकडे बघत होते.

"बाबानं," मी म्हटलं. लाज त्यांची राखली की माझी, मला अजून कळलेलं नाही.