सिंधूकाकूंची भुलाबाई

आलेल्या माणसाला ‘या, बसा’ म्हणण्याची सिंधूकाकूंची रीत नव्हती. दारातच त्या विचारत, “काहून आला?” कारण पटलं तर चहा, नाही पटलं तर दार. तलाठी असो की जावई, सगळ्यांना हाच न्याय. आमची भिंत एकच, त्यामुळे हा प्रश्न मी वर्षानुवर्षं ऐकला आणि बहुतेकांकडे त्याचं उत्तर नसतं हेही पाहिलं.

रिसोड तालुक्यातलं आमचं गाव पैनगंगेच्या काठावर आहे. काठाला एक जुनी बाग. कुणा जहागीरदारानं बांधलेला काळ्या दगडाचा घाट आणि चिंचेखाली एक ओटा. त्या ओट्यावर काकू दर वर्षी मातीचे भुलोबा-भुलाबाई बसवत. गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी जमून गाणी म्हणत. शेवटी खिरापत. डब्यात काय आहे ते पोरींनी ओळखायचं, तोवर झाकण उघडायचं नाही. पोरी डबा हलवून, कानाशी धरून ओरडत, “गोड की तिखट?” काकू म्हणत, “तोंडानं सांगा. नाकानं हुंगू नका, कुत्रे हायेत का तुमी?”

मग गावाला वारसा सापडला. अनिलभाऊंच्या समितीनं बागेत वारसा महोत्सव जाहीर केला. आधी काळ्या घाटाला सोनेरी ऑइल पेंट फासला. शेकडो वर्षं नदीनं घासूनपुसून ठेवलेला दगड दोन दिवसांत मिठाईच्या खोक्यासारखा दिसू लागला. पायऱ्यांवर प्लास्टिकचं गवत, चिंचेला रंगीत दिवे आणि वाटेत सगळीकडे हात जोडलेले अनिलभाऊ. एवढ्या फ्लेक्सवरून एकच माणूस नमस्कार करतो, तेव्हा नमस्काराचीच किळस येते.

महोत्सव नेमका कोजागिरीला, भुलाबाईच्या शेवटच्या रात्री. भाऊ निमंत्रण घेऊन आले.

“काहून आला, अन्या?”

“काकू, तुमचा सत्कार ठेवला. लोकपरंपरा तुमीच तं जपली.”

“सत्कार राहू दे. माह्या पोरी आत येतीन का? अन् ओटा मोकळा पाह्यजे मले.”

“म्हणजे काय! बाग तुमचीच हाये, काकू.”

काकूंनी चहा दिला. कारण पटलं होतं.

कोजागिरीला त्या मूर्ती, मांडवाला ज्वारीचे पाच धांडे आणि डबा घेऊन निघाल्या. मागे डझनभर पोरी, शेजारी म्हणून मी. फाटकावरच्या पोरानं पास मागितला. पास काकूंकडे होता, पोरींकडे नव्हता. “भाऊले विचारून येतो,” म्हणून काकू डब्यासकट आत गेल्या, त्यांच्या पासावर मागोमाग मीही. ओट्यावर पाहुण्यांचे सोफे मांडले होते. मंचावर आठ फुटी थर्माकोलची भुलाबाई उभी, ओठ लालभडक. तिच्यापुढे शहरातल्या डान्स क्लासच्या मुली नथी घालून कंबर हलवत होत्या.

काकू भाऊंना शोधत होत्या, तेवढ्यात त्यांचंच नाव पुकारलं गेलं. दोघांनी धरून मंचावर नेलं, शाल टाकली. मुख्य पाहुण्यांना डबा दिसला. त्यांनी तो हातात घेतला, कॅमेऱ्याकडे पाहत झाकण काढलं आणि एक करंजी तोंडात टाकली. “वा! प्रसाद!” टाळ्या.

काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. अजून देवापुढे डबा ठेवला नव्हता, पोरींनी ओळखला नव्हता. त्यांनी माईक ओढला. “ओळखलं नाई अन् गिळलं? अन् अन्या, पोरी बाहीर काहून उभ्या ठेवल्या तुनं? त्याहीले आत घे, नाई तं हे तुही शाल ने.”

पाहुणे हसले. भाऊ त्याहून मोठ्यानं हसले. “काकूंचा आपला वऱ्हाडी ठसका!” निवेदिका किंचाळली आणि डीजे सुरू झाला. काकूंचे ओठ पुढेही हलत होते. माईक बंद केलेला होता.

त्या शाल तिथेच टाकून बाहेर आल्या. फाटकापलीकडे नाली आहे, तिच्या कडेला धांडे रोवून त्यांनी भुलाबाई बसवली. पोरींनी गाणी म्हटली. मी चार हातांवर होतो, मला एक शब्द ऐकू आला नाही. “म्हणा, म्हणा,” काकू हातानं खुणावत होत्या. दोन पोरी फाटकाच्या गजांतून आतला नाच बघत होत्या. काकूंनी ते पाहिलं आणि धांडे पुन्हा घट्ट रोवले.

सकाळी थर्माकोलची भुलाबाई पैनगंगेत उताणी तरंगत होती, भोवती पत्रावळी.

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. भाऊंनी श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावला: ‘आमच्या महोत्सवाचं प्रेरणास्थान’. फोटो मंचावरच्या त्याच क्षणाचा, तोंड उघडं, बोट भाऊंवर रोखलेलं. भाऊंना मात्र त्यातून बेमालूम कापून हात जोडलेल्या मुद्रेत फ्लेक्सच्या तळाशी बसवलं होतं.

पुढच्या आश्विनात गल्ली शांतच राहिली. गजांतून नाच बघणाऱ्या पोरींपैकी एक भेटली, तेव्हा विचारलं, भुलाबाई बसवली नाही का? ती खुशीत म्हणाली, “आमी आता स्टेजवर असतो ना, काका. डान्सवाल्या मॅडमनं घेतलं आमाले. अन् गाणे पाठ करा लागत नाई. रेकॉर्ड लावतात, आपुन नुसते ओठ हलवाचे.”