पुतणीच्या हळदीतली पोर्तुगीज शांतता

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. कारण मधे अर्धा तास माझी अशी तंतरली होती, की तेव्हा कुणी हसलं असतं तर मी मांडवातूनच पळालो असतो. आणि चूक कुणाची? माझीच, शंभर टक्के!

कंपनीतून रिटायर झालो आणि बायकोला घेऊन देशोदेश बघत सुटलो. लोक राजवाडे बघतात, मी गाणी ऐकतो. इस्तंबूलला रस्त्यावर ऐकली, व्हिएन्नाला तिकीट काढून ऐकली. लिस्बनला एका खानावळीत काळी शाल पांघरून एक बाई गायला उभी राहिली. दिवे मंद झाले, वेटर जागच्या जागी थांबले. मी सवयीने ओरडलो, "वा! क्या बात है!"

अख्खी खानावळ माझ्याकडे वळली. बायकोने टेबलाखालून असा चिमटा काढला की काय सांगू!

पण त्या शांततेत ते गाणं असं आत गेलं, की शब्द कळत नसताना मला रडू आलं. वाटलं, छे, आपण गाणं ऐकतच नाही, त्याच्यावर नुसता कल्ला करतो. हे खूळ घेऊन मी अंबरनाथला परतलो. पंधरा दिवसांनी सोनिवलीला भावाच्या मुलीची, प्राजूची हळद होती.

आमच्यात हळद लागते ती धवलारणीच्या, म्हणजे लग्नाचे विधी गाऊन पार पाडणाऱ्या बाईच्या गाण्यावर. ती एक ओळ म्हणते, जमलेल्या बायका ती उचलतात, मग पुढची ओळ. बायकांनी ओळ उचलली, म्हणजे घराला लग्न मान्य. लहानपणापासून मी हे बघतोय हो! पण आता मी पडलो फॉरेन रिटर्न. धवलारीण तुळसाबाय हातपाय धुवायला मागे गेली, तसा मी मधे उभा राहिलो.

"पुढची दहा मिनिटं कुणी हूं की चूं करायचं नाही. गाणं ऐकायचं असतं!"

घरातला मोठा माणूस बोलला. बायका गप्प.

नेमकी तेव्हाच उल्हासनगरहून नवऱ्या मुलाची मावशी उष्टी हळद घेऊन आली. मुलाला लावून उरलेली ती हळद मुलीला लागल्याशिवाय पुढचं काही होत नाही. माझा हुकूम ना तिने ऐकला होता, ना तुळसाबायने.

तुळसाबाय पाटासमोर बसली, पहिली ओळ म्हणाली आणि थांबली. कुणी उचलली नाही. तिने पुन्हा म्हटली. चिडीचूप! मी डोळे मिटून डोलतोय.

"काय गो बायांनो, तोंडाना काय झायलं तुमच्या?"

बायका माझ्याकडे बघतायत. मी तोंडावर बोट ठेवलं. तुळसाबाय ताडकन उठली.

"ज्या घरच्या बायांना लगीन मान्य नाय, तिथं मी हलद लावत नाय!"

मावशीने हळदीची वाटी मागे घेतली. "एक मिनिट. मान्य नाय म्हणजे? बाळूभाऊ, जो मॅटर आहे तो सीधा बोला. पोरीला जबरदस्ती बसवलंय का?"

"नाही हो मावशी!" माझा भाऊ बाळू पांढराफटक.

"मग ह्या सगळ्या मातम असल्यासारख्या का बसल्यात? मी ताईला फोन लावते. वऱ्हाड निघायच्या आधीच कळलेलं बरं."

तिने खरंच फोन कानाला लावला. पाटावर प्राजू रडायला लागली. पोरीचं लग्न मोडतंय, आणि मी मोडतोय! मी धावत जाऊन मावशीपुढे हात जोडले.

"फोन ठेवा हो! त्यांना मीच गप्प बसवलं."

"का?"

"ते... पोर्तुगालला गाणं असं शांत बसून ऐकतात."

तुळसाबाय कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग तिकडच्याच बाया घेऊन ये गान उचलाया!"

"काका," प्राजू रडत ओरडली, "आता तुम्ही उचला!"

दुसरा इलाज होता का? तुळसाबाय बसली, ओळ म्हणाली, आणि मी एकट्याने उचलली. आवाज फाटला, चाल गेली उरणला, शब्द अर्धे गिळले. पण थांबलो नाही. तिसऱ्या ओळीला मावशी फिस्सकन हसली, प्राजू हसली, आणि सगळ्या बायकांनी माझ्या हातून गाणं अक्षरशः हिसकावून घेतलं. मावशीने स्वतःच्या हाताने प्राजूला उष्टी हळद लावली.

लग्न झकास झालं. पण आता आमच्याकडे कुठेही हळद असली, की तुळसाबाय गायच्या आधी मांडवभर नजर फिरवते आणि विचारते, "तो शांतीवाला आयलाय का? आधी त्याला गप करा, मंग मी तोंड उघडतंय!"