गाडी शांत झाली तेव्हा

आमची पिकअप जास्त डिझेल प्यायला लागली, तेव्हा घरात, दारात आणि गॅरेजमध्ये प्रत्येकाला त्याचं कारण माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला, आणि नर्सरी चालवायची होती मलाच.

पडेगावला दौलताबादच्या रस्त्याला लागून आमची झाडांची नर्सरी आहे. ती अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुरू केली. गेली काही वर्षं मी सांभाळते. कलमं, गिऱ्हाइकं, फोन हे माझ्याकडे, आणि झाडं, कुंड्या, लाल मातीची पोती शहरभर पोचवणं अण्णांकडे. पिकअप त्यांची. तीन लाख किलोमीटरच्या पुढं गेलेली, दारं आदळल्याशिवाय न लागणारी, पण रस्त्यात कधीही न थांबलेली. तिची सीट कुणी इंचभर पुढं घेतली तरी अण्णांना दुसऱ्या दिवशी कळायचं आणि मग सगळ्यांना कळायचं.

ही गाडी लिटरला बारा द्यायची. जुन्या, वजन वाहणाऱ्या गाडीनं याहून जास्त द्यावं असं कुणी म्हणत नाही. उन्हाळ्यात ती अकरावर आली, मग दहावर, आणि एक दिवस टाकी फुल करून मोजलं तर नऊ. मी पुन्हा मोजलं. गणित माझं कच्चं आहे, म्हणून मोबाईलवरही करून पाहिलं. नऊच.

पुण्यात नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, भंगार झालीय ती. विकून टाक. नवी सीएनजी घेऊ, पगारी ड्रायव्हर ठेवू." त्यातलं शेवटचं वाक्य मी अण्णांपर्यंत पोचू दिलं नाही. सत्तरी ओलांडलेला हा माणूस घरात बसला की तासाभरात भांडण उकरून काढतो आणि गाडीत बसला की शीळ घालतो. गाडी गेली तर अण्णांना कुठं बसवायचं, ही माझी खरी चिंता होती. डिझेलची नव्हती. त्यामुळे गाडीचं काय बिघडलंय ते शोधून काढणं मला भागच होतं.

पण बिघडणार कसं? अण्णांच्या हातून गाडी बिघडणं म्हणजे आमच्या शेजारच्या काकूंनी चहाला नाही म्हणणं. दर अमावस्येला ड्रायव्हर लोक लिंबू-मिरची बदलतात, नारळ फोडतात. अण्णाही फोडतात, पण त्याच्या आधी अर्धा दिवस गाडीखाली असतात. एअर फिल्टर काढून हवेनं झटकणं, डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी सोडणं, ऑईलची काडी बघणं, चारी चाकांची हवा, ग्रीस. कंपनीच्या पुस्तकात काय लिहिलंय ते त्यांना विचारू नका. आमच्या गाडीची सर्व्हिस चंद्र ठरवतो. "मोडल्यावर करतो त्यो गिऱ्हाईक, आन् मोडायच्या आधी करतो त्यो मालक," हे त्यांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

सगळं झालं की शेवटची तपासणी. एक हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर आहे त्यांच्याकडे. गाडी चालू ठेवून त्याचं टोक इंजिनवर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला दाबायची. मग डोळे मिटून उभे. जुने मिस्त्री असंच ऐकतात. आतली खडखड, टकटक, शिट्टी, सगळं त्या सळईतून थेट डोक्यात येतं म्हणे. नऊचा आकडा निघाल्यावरच्या अमावस्येलाही त्यांनी डोळे उघडले आणि जाहीर केलं, "ठणठणीत. एक आवाज वावगा नाय."

"मग डिझेल जातंय कुठं?" मी ओरडून विचारलं. आमच्याकडे सगळे ओरडूनच बोलतात. एका बाजूला पाण्याची मोटर, दुसऱ्या बाजूला रस्त्यावरचे ट्रक. हळू बोलणाऱ्याचं आमच्या नर्सरीत कधी काम झालेलं नाही.

"तेच तर म्हन्तो मी. उलट पहिल्यापेक्षा लई शांत झालीय. चालू हाय का बंद, कळत नाय. ही सेवा केल्याचं फळ हाय, माय."

आता यावर काय बोलायचं? जास्त खाणारं माणूस जाड होतं, सुस्तावतं, निदान घोरतं तरी. ही गाडी जास्त पिऊन शांत कशी होईल? मी माझी अक्कल गहाण टाकली आणि लोकांना विचारत सुटले.

हर्सूलच्या रस्त्यावर अण्णांच्या जुन्या दोस्ताचं गॅरेज आहे. ते मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले, "ताई, ये इंजेक्टर का मामला है. पण अण्णा ऐकत नाय. बोलते, नक्को." तरी इंजेक्टर काढले, तपासून आणले, बसवले. नऊ. मग ते म्हणाले ब्रेक धरत असतील. चाकांना हात लावून पाहिलं, चारी थंड. माझे मामा म्हणाले डिझेल पंपवाला माप मारतो, दुसऱ्या पंपावर भर. बदलला. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. माझी नव्हे, गाडीची, आणि मीही बाजूला उभी राहून मीठ-मोहऱ्या धरल्या, यावरून माझी अवस्था ओळखा. एकानं सांगितलं उतारावर न्यूट्रल करत जा, डिझेल वाचतं. ते ऐकून अण्णा असे भडकले की विचारू नका. "उतारावर गिअर काढला की गाडी आपली ऱ्हात नाय! ब्रेक तापून बसले की मग काय डिझेल प्यायचं?" खरं सांगायचं तर मला दोन्ही बाजू पटल्या. त्या महिन्यात मला जो भेटेल त्याचं पटत होतं.

आणि मग आणखी घोळ झाला. पाहुण्यांच्या लग्नासाठी अण्णा आठवडाभर गावी गेले. गाडी मी चालवली. तीच झाडं, तेच रस्ते, तोच औरंगपुऱ्यातला गर्दीचा बोळ, जिथं रिक्षा आरशाला आरसा लावून जाते. टाकी फुल केली, मोजलं. बारा.

माझा आनंद गगनात मावेना. इंजेक्टर आत्ता कुठं बसले असतील, की दृष्ट उतरली असेल, मला काहीही चालणार होतं. अण्णा आले. "बघ, आपोआप नीट झाली का नाय?" म्हणाले. पुढच्या टाकीला पुन्हा नऊ.

मी खाटेवर बसून राहिले. मनात नको ते येऊ लागलं. अण्णा कुणाला डिझेल काढून देतात का? कुणाच्या फेऱ्या मारतात का? ज्या माणसानं कधी कुणाचं रोप उपटून आणलं नाही त्याच्याबद्दल मी असा विचार करत होते, आणि स्वतःचाच राग येत होता. शेवटी ठरवलं, सोबत जाऊन बघायचं.

हर्सूलच्या बाजूला एका नव्या बंगल्याला मोठी झाडं द्यायची होती. मी शेजारी बसले. एरवी गाडीत मी फोनवर असते. कुणाच्या गुलाबाला बुरशी आलेली असते, कुणाला तुळस हवी असते. त्या दिवशी फोनची बॅटरी गेली होती, म्हणून मी नुसती बसले आणि माझ्या कानावर गाडी आली.

अण्णांनी दुसरा गिअर टाकला, तिसरा टाकला. रस्ता मोकळा झाला, गाडी पळायला लागली, आणि इंजिन ओरडू लागलं. चौथा टाकायची वेळ झाली होती. मी वाट पाहिली. इंजिन किंचाळायला लागलं, सीट थरथरायला लागली, आणि अण्णा तिसऱ्यावरच, समोर बघत, शीळ घालत. त्या गाडीला इंजिनच्या फेऱ्या दाखवणारा काटा नाही, आणि असता तरी अण्णांनी पाहिला नसता. त्यांनी जन्मभर गिअर बदलला तो कानानं. "गाडी स्वतः मागती," असं त्यांनीच मला शिकवलं होतं.

"बघ," ते म्हणाले, "कशी लोण्यासारखी चाललीय."

मी खिडकीकडे तोंड केलं आणि साध्या आवाजात म्हणाले, "अण्णा, तुम्हाला ऐकू येतंय का?"

ते शीळच घालत राहिले. मागून एक बस हॉर्न देत होती. किती वेळ देत होती कोण जाणे. अण्णा बाजूला झाले नाहीत. ती अगदी आरशाला घासून पुढं गेली, तेव्हा ते दचकले आणि चिडले. "हॉर्न नाय, काय नाय, असा कसा घुसतो ह्यो!"

अण्णांचे कान गेले होते. स्क्रू ड्रायव्हर हाडाला लावला की त्यांना ऐकू येत होतं, आणि आम्ही सगळे ओरडून बोलत होतो. म्हणून ना त्यांना कळलं, ना आम्हाला. गाडीला काहीच झालं नव्हतं; मोकळ्या रस्त्यावरही तिसऱ्यावर किंचाळत पळायची, म्हणून डिझेल प्यायची.

तरी आठ-दहा दिवस मी गप्प राहिले. काय बोलू? गाडीत दोष आहे म्हणावं तर गाडी जाणार. दोष गाडीत नाही म्हणावं तर अण्णांची जागा जाणार. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे मी, हातात बाराचा आकडा घेऊन. भाऊ फोनवर विचारायचा, "मग, काय निघालं?" मी म्हणायचे, "बघतेय." या काळात अण्णा बाहेर पडले की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला. हे असं फार दिवस चालणार नव्हतं.

अमावस्या आली. फिल्टर झाला, हवा झाली, नारळ फुटला. अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर कानामागं लावला, डोळे मिटले, हसले. मी त्यांना हाताला धरून स्टिअरिंगपुढं बसवलं, शेजारी बसून काचा वर केल्या. जी गोष्ट हळूच सांगायची असते ती मला ओरडून सांगावी लागणार होती आणि बाहेर माणसं कुंड्या भरत होती.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. चौथ्या गिअरचं, बसच्या हॉर्नचं, माझ्या बाराचं, त्यांच्या नऊचं. मला वाटलं, भडकतील. त्यांनी चावी फिरवून गाडी बंद केली.

"म्हंजे ती शांत नव्हती झाली?"

मी मान हलवली.

"ती वरडत व्हती? एवढे दिवस? आन् मी आपला तिसऱ्यावरच..." त्यांनी डॅशबोर्डवर हात ठेवला, आजारी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. स्वतःच्या कानांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मला रडू आलं. त्यांनी ते पाहिलं, चावी काढून माझ्या मांडीवर टाकली आणि पलीकडच्या दारानं उतरून, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. "सरक तिकडं."

औरंगपुऱ्यात कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मशीन मिळालं. अण्णा ते लग्नाकार्याला लावतात, गाडीत लावत नाहीत. म्हणतात, त्यातून तिचा आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा येतो, ती ती वाटतच नाही. गाडी विकली नाही. भावाला सांगितलं, बारा देते.

आता पोचवायला मी जाते आणि अण्णा डावीकडे बसतात. पहिल्या दिवशी पडेगाव सुटलं. रस्ता मोकळा झाला. मी तिसऱ्यावर होते.

"काय म्हन्ती?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही, कोण. मग मी काच खाली केली आणि नीट ऐकलं.

"चौथा मागतेय," मी ओरडून सांगितलं.

"मग दे की तिला, माय," अण्णा म्हणाले. "कवाची मागती."